देहान्त प्रायश्चित्त आणि ठरीव शिक्षा

आळंदीचें नांव निघालें म्हणजे महाराष्ट्रीय मनुष्याच्या डोळ्यांपुढें समाधि, इंद्रायणी, सिद्धबेट आणि कार्तिकी वारी या गोष्टी उभ्या राहतात. याच गांवीं एक निवाडा झाल्याची कथा संतचरित्रकारांनीं सांगितली आहे. ती आपण भक्तिभावानें ऐकतों, पण न्यायाच्या दृष्टीनें तिचा विचार क्वचितच करतों. विठ्ठलपंतांनीं संन्यास घेतला, पुढें गुरूच्या आज्ञेवरून ते पुन्हा गृहस्थाश्रमांत आले आणि त्यांस चार मुलें झालीं. ब्रह्मवृंदानें कुटुंब वाळीत टाकलें. मुलांच्या मुंजीचा प्रश्न आला, तेव्हां विठ्ठलपंतांनीं प्रायश्चित्त विचारलें. पोथ्या पाहून उत्तर मिळालें कीं, या पातकास देहान्त प्रायश्चित्तावांचून दुसरें प्रायश्चित्त नाहीं. परंपरा अशी कीं, पतिपत्नींनीं तें शिरसावंद्य मानून जलसमाधि घेतली. शिक्षा पुरी झाली. तरीहि मुलांवरचें किटाळ गेलें नाहीं, आणि शुद्धिपत्रासाठीं त्यांस पैठणची वाट धरावी लागली.

या कथेच्या तपशिलाविषयीं संशोधकांत मतभेद आहेत. परंतु तिच्यांतील एक प्रश्न सातशें वर्षांनंतरहि शिळा झालेला नाहीं. शिक्षा कोणीं ठरवावी? समोर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहणाऱ्या न्यायकर्त्यानें, कीं आधींच लिहून ठेवलेल्या ओळीनें? विठ्ठलपंतांचा अंत होण्यास शास्त्र्यांच्या मनांत वैर असण्याचीहि गरज नव्हती. ‘आमच्या हातीं कांहीं नाहीं’ एवढें म्हणणें पुरेसें होतें. हेंच वाक्य आज आपल्या देशांतील न्यायाधीशास एका कायद्याखालीं वारंवार मनाशीं म्हणावें लागतें. तो कायदा म्हणजे अंमली पदार्थांविषयींचा १९८५ चा अधिनियम. व्यवहारांत त्यास एन. डी. पी. एस. कायदा म्हणतात. या कायद्यांतील ठरीव किमान शिक्षा कशी आली, तिनें काय केलें, तिची दुरुस्ती कोठपर्यंत झाली आणि कोठें थांबली, याचा थोडा इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

कोणी म्हणेल कीं, जुनें शास्त्रच असें निष्ठुर होतें. तें खरें नव्हे. मनु आणि याज्ञवल्क्य या दोघांनींहि राजास सांगितलें आहे कीं, दंड करण्यापूर्वीं अपराध पाहावा, देश आणि काळ पाहावा, अपराध्याचें सामर्थ्य पाहावें. याज्ञवल्क्यानें तर वय आणि वित्तहि त्यांत घातलें. प्रायश्चित्ताच्या बाबतींत बालक, ऐंशीं वर्षांपुढील वृद्ध, स्त्रिया आणि रोगी यांस अर्धें प्रायश्चित्त सांगणारीं वचनें आहेत. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडांत, म्हणजे १९५३ सालीं, या विषयाचा विस्तारानें परामर्श घेतला आहे. वर्णपरत्वें दंड कमीअधिक करण्याचा मोठा दोष त्याच शास्त्रांत होता, हें झांकण्याचें कारण नाहीं. परंतु दंड देण्यापूर्वीं माणूस तोलला पाहिजे, हें तत्त्व त्याला ठाऊक होतें.

देहान्त प्रायश्चित्त हे शब्द आपल्या इतिहासांत आणखी एकदां गाजले. १७७३ च्या ऑगस्टांत शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चौकशीअंतीं रामशास्त्री प्रभुणे यांनीं रघुनाथरावांस तोंडावर सांगितलें कीं, या पापास देहान्त प्रायश्चित्तच आहे. आणि पुणें सोडलें, असें परंपरा सांगते. रामशास्त्र्यांची थोरवी आपण गातों ती शिक्षा कडक होती म्हणून नव्हे. त्यांनीं पुरावा पाहिला, कर्ता कोण तें ठरविलें, आणि सत्ताधीशासमोर स्वतःच्या विवेकाची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली. आळंदीच्या निवाड्यांत नेमकी हीच जबाबदारी कोणीं घेतली नव्हती. शब्द दोन्हीकडे एकच. पण एके ठिकाणीं न्यायाधीश बोलला, दुसऱ्या ठिकाणीं पोथी बोलली.

पोथी बोलूं लागली म्हणजे माणसें काय करतात, हें पाहण्यासाठीं इंग्लंडचा अठराव्या शतकाचा इतिहास उपयोगी आहे. त्या काळीं तेथें दोनशेंहून अधिक गुन्ह्यांस फांशी होती. राहत्या घरांतून चाळीस शिलिंगांचा माल चोरला तरी प्राणदंड ठरलेला. मग ज्यूरीनें काय करावें? चोरी तर सिद्ध झाली आहे, पण समोर उभी आहे एखादी मोलकरीण. तेव्हां शपथ घेतलेले ते सभ्य गृहस्थ मालाची किंमत एकुणचाळीस शिलिंग ठरवीत, मग वस्तु कितीहि मोलाची असो. कायदा फार कठोर झाला म्हणजे तो पाळणाऱ्या चांगल्या माणसांनाहि खोटें बोलावें लागतें. सर सॅम्युअल रोमिली यांनीं १८०८ पासून पार्लमेंटांत याच गोष्टीवर बोट ठेवलें, आणि पुढील पंचवीस वर्षांत तो कायदा बहुतेक मोडीत निघाला.

आपल्या देशांत १८६० चा दंडसंग्रह झाला तो या अनुभवानंतर. त्याच्या बहुतेक कलमांनीं कमाल मर्यादा सांगितली आणि खालचें माप न्यायाधीशाकडे सोंपविलें. अपवाद थोडे होते. त्यांतील सर्वांत कडक म्हणजे कलम ३०३: जन्मठेपेच्या कैद्यानें खून केल्यास फांशीच, दुसरी शिक्षा नाहीं. हें कलम सर्वोच्च न्यायालयानें ७ एप्रिल १९८३ रोजीं मिठू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यांत रद्द केलें. मुख्य निकालपत्र सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांचें. चंद्रचूड घराणें खेड तालुक्यांतील कनेरसरचें; आळंदीहि त्याच तालुक्यांत येते. निकालाचा आशय असा कीं, जीवनमरणाच्या प्रश्नांत न्यायालयाचा विवेक हिरावून घेणारा आणि गुन्ह्याची परिस्थिति पाहूं न देणारा कायदा न्याय्य म्हणतां येत नाहीं, आणि म्हणून तो घटनेच्या कसोटीस उतरत नाहीं. दंडसंग्रहाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेनें घेतली आहे, पण या निकालाचें तत्त्व कायम आहे.

गंमत अशी कीं, एका कलमांतून ही ठरीव शिक्षा बाहेर काढल्यावर दोनच वर्षांत ती दुसऱ्या दारानें आंत आली.

अंमली पदार्थांविषयीं सरकारचें धोरण पूर्वीं असें नव्हतें. अफूच्या आणि गांजाच्या महसुलाचा इंग्रज सरकारास मोह होता, हें उघड आहे. तरी १८९३ सालीं गांजा, भांग आणि चरस यांच्या चौकशीसाठीं त्यानें जो आयोग नेमला, त्याचें काम आजहि पाहण्यासारखें आहे. अकराशेंहून अधिक साक्षी, सात खंडांचा अहवाल, वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदींची बारकाईनें तपासणी. आणि निष्कर्ष असा कीं, मित सेवनानें सहसा मोठी हानि होत नाहीं, अतिरेक घातक आहे, आणि पूर्ण बंदीपेक्षां परवाना, कर आणि देखरेख यांनींच नियंत्रण करावें. पुढें १९३० चा घातक औषधांचा कायदा आला. त्याखालीं अखेरपर्यंत कमाल शिक्षा तीन वर्षांची आणि पुन्हा गुन्हा करणारास चार वर्षांची होती. किमान शिक्षा मुळींच नव्हती.

१९८५ सालीं सरकारनें हीच गोष्ट जुन्या कायद्याचा दोष म्हणून पुढें मांडली. त्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. पश्चिमेकडील शेजारी देशांतून हेरॉइन भारतामार्गें जगांत जाऊं लागलें होतें. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराचें बंधनहि होतें. मोठ्या व्यापाऱ्यास तीन वर्षांचें भय तें काय? म्हणून नवा कायदा झाला. १६ सप्टेंबर १९८५ रोजीं त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली आणि १४ नोव्हेंबरपासून तो लागू झाला. अफू, हेरॉइन, चरस यांच्या बहुतेक गुन्ह्यांस किमान दहा वर्षें सक्तमजुरी, कमाल वीस. दंड किमान एक लाख रुपये. स्वतःच्या सेवनासाठीं अल्प प्रमाणांत माल जवळ असल्यास मात्र सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत. हें अल्प प्रमाण चरसाचें पांच ग्रॅम ठरलें, हेरॉइनचें एक चतुर्थांश ग्रॅम. आणि माल स्वतःसाठींच होता हें सिद्ध करण्याचा भार आरोपीवर.

ग्रॅमाग्रॅमांत दहा वर्षें कशीं लपलेलीं होतीं, हें गोव्याच्या एका खटल्यांत स्पष्ट दिसलें. एका परदेशी प्रवाशाजवळ चरसाचे दोन तुकडे सांपडले, दोन्ही मिळून बारा ग्रॅम. खालच्या न्यायालयानें कायद्याप्रमाणें दहा वर्षें आणि एक लाख दंड ठोठावला. १९९३ सालीं प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत आलें, तेव्हां दिसून आलें कीं, रासायनिक परीक्षणास पोलिसांनीं एकच तुकडा पाठविला होता, आणि त्याचें वजन पांच ग्रॅमहून कमी. दुसरा तुकडा चरसाचा होता हें सिद्धच झालें नाहीं. शिक्षा दहा वर्षांवरून सहा महिन्यांवर आली. माणूस तोच, कृत्य तेंच. एक तुकडा पाकिटांत घालावयाचा राहिला एवढ्यावर साडेनऊ वर्षें अवलंबून होतीं. निकाल योग्यच होता. पण ज्या कायद्यांत न्यायाला अशा वाटेनें आंत यावें लागतें, त्या कायद्याच्या मुख्य दाराला कुलूप आहे असेंच म्हटलें पाहिजे.

इंग्रज ज्यूरीच्या एकुणचाळीस शिलिंगांची येथें आठवण होते. आपल्या न्यायालयांनीं खोटी किंमत लावली नाहीं. त्यांनीं पद्धतीचा आग्रह धरला. झडतीपूर्वीं आरोपीस राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांसमोर झडती घेण्याचा हक्क सांगितला पाहिजे, ही अट सांभाळलीच पाहिजे, असें घटनापीठानें १९९९ सालीं ठरविलें. त्यांत शिक्षेची कठोरता हें एक कारण होतें. ही दक्षता स्वागतार्ह आहे. परंतु तिचा लाभ कोणास होतो? मोहोर, पंचनामा आणि नमुना यांतील चूक शोधून काढणारा वकील ज्यास परवडतो त्यास. ज्यास तो परवडत नाहीं, त्याच्या वांट्याला दहा वर्षें. मोठ्या व्यापाऱ्यासाठीं रचलेला सांपळा असा कीं, लहान पाखरूंच त्यांत आधीं अडकावें.

कायद्याच्या भयानें आणखी एका वर्गाची शिक्षा झाली; त्या वर्गानें कोणताच गुन्हा केला नव्हता. कर्करोगाच्या अखेरच्या वेदनांवर मॉर्फिनसारखें औषध नाहीं, आणि तें अफूपासून होतें. अफू पिकविणाऱ्या मोजक्या देशांत आपला देश आहे. पण परवान्यांची गुंतागुंत आणि चुकल्यास दहा वर्षें, या दोहोंमुळें इस्पितळांनीं आणि औषधविक्रेत्यांनीं हात आंखडला. १९९७ सालीं साऱ्या देशाचा मॉर्फिनचा वैद्यकीय वापर अवघ्या अठरा किलोग्रामपर्यंत उतरला होता. आळंदीच्या निवाड्यांत आईबापांचें प्रायश्चित्त मुलांना भोगावें लागलें. येथें चोरट्या व्यापाऱ्याचें प्रायश्चित्त खाटेवरच्या रोग्यानें भोगलें.

या कायद्यांत दुरुस्त्या झाल्या, पण पहिलीच दुरुस्ती उलट दिशेची होती. १९८९ सालीं जामीन जवळजवळ अशक्य झाला, शिक्षेंत सूट मिळणें बंद झालें, आणि मोठ्या प्रमाणावर पुन्हा गुन्हा करणारास फांशीच, असें कलम ३१-अ आलें. चंद्रचूडांचा निकाल होऊन तेव्हां सहाच वर्षें झालीं होतीं. यानंतर परतीचा प्रवास सुरू झाला, आणि त्यांत महाराष्ट्राचा भाग मोठा आहे. अपील चालू असतांना शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयाचा अधिकार कायद्यानें काढून घेतला होता. तो २००० सालीं दादू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें परत मिळवून दिला. २ ऑक्टोबर २००१ पासून संसदेच्या दुरुस्तीनें मालाचे तीन वर्ग झाले: अल्प, मधला आणि व्यापारी. चरसाचें अल्प प्रमाण शंभर ग्रॅमपर्यंत, व्यापारी एक किलोपासून. हेरॉइनचें अनुक्रमें पांच आणि दोनशें पन्नास ग्रॅम. मधल्या वर्गाची किमान शिक्षा गेली आणि तेथें न्यायाधीशास पुन्हा न्यायाधीश होतां आलें. मात्र ज्यांची अपिलें त्या वेळीं पडून होतीं, त्यांस या सवलतीपासून दूर ठेवण्यांत आलें. एकाच गुन्ह्याचे दोन कैदी, एकाचा खटला लांबला म्हणून तो सुटला, दुसऱ्याचा लवकर निकालांत निघाला म्हणून तो अडकला, असा हा प्रकार.

फांशीच्या कलमाचा निकाल मुंबई उच्च न्यायालयांत लागला. १६ जून २०११ रोजीं न्यायमूर्ति अ. मा. खानविलकर आणि न्यायमूर्ति अ. पां. भंगाळे यांच्या पीठानें ठरविलें कीं, या कलमांतील सक्ति घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाशीं विसंगत आहे; फांशी ‘दिलीच पाहिजे’ असें न वाचतां ‘देतां येईल’ असें वाचावें. आधार होता मिठूच्या निकालाचा. १ मे २०१४ पासून संसदेनेंहि हेंच कलमांत लिहिलें, आणि त्याच दुरुस्तीनें मॉर्फिनसारख्या आवश्यक औषधांची वाट बरीच मोकळी केली.

तरी मुख्य गांठ सुटलेली नाहीं. व्यापारी प्रमाणाला दहा वर्षांचा तळ कायम आहे. २०२० च्या हिरासिंग प्रकरणानंतर वजन धरावयाचें तें शुद्ध द्रव्याचें नव्हे, तर सबंध मिश्रणाचें. म्हणजे भेसळीची पूडहि गुन्ह्याच्या तराजूंत चढते. सर्वांत लक्षांत ठेवण्यासारखें आहे तें कलम ३२-ब. किमान शिक्षेहून अधिक शिक्षा देतांना न्यायाधीशानें काय पाहावें, याची यादी तेथें आहे: शस्त्र होतें काय, अल्पवयीन मुलांस वापरलें काय, गुन्हेगारांच्या टोळीशीं संबंध होता काय. पण कोणत्या परिस्थितींत कमी शिक्षा द्यावी, याची यादी कोठेंच नाहीं. न्यायाधीशाला वर चढण्यास पायऱ्या बांधल्या आहेत. खालीं उतरण्यास एकहि नाहीं. शंभर रुपयांच्या मजुरीसाठीं गांठोडें पोंचविणारी विधवा आणि त्या गांठोड्याचा मालक यांच्यांत वजनकांटा भेद करीत नाहीं, आणि न्यायाधीशाला तो दिसला तरी सांगतां येत नाहीं.

यावर आईबापांचा आक्षेप येईल, आणि तो हलका लेखण्यासारखा नाहीं. ज्यांचीं मुलें महाविद्यालयांत आहेत त्यांच्या मनांतील भीति आम्ही जाणतों. फेब्रुवारी २०२४ मध्यें पुणें पोलिसांनीं कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींतून शेंकडों किलो मेफेड्रोन जप्त केलें. ज्या पट्ट्यांत चाकणच्या कारखान्यांचीं धुराडीं आणि आळंदीचा कळस एकाच क्षितिजावर दिसतात, तेथील घरांना हा धोका परका नाहीं. अशा व्यापाऱ्यास दहा काय, वीस वर्षें व्हावींत. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. किमान शिक्षा काढली तरी वीस वर्षांचा अधिकार कोणी काढून घेत नाहीं. पण कुरकुंभचा साठा सांपडला तो दहा वर्षांचा तळ अमलांत येऊन अडतीस वर्षें झाल्यावर, हेंहि विसरूं नये. बेक्कारिया या इटालियन विचारवंतानें १७६४ मध्येंच लिहिलें कीं, गुन्हा थांबतो तो शिक्षेच्या क्रौर्यानें नव्हे, तर ती चुकणार नाहीं या खात्रीनें. ती खात्री चांगल्या तपासानें येते, लांब मुदतीनें नव्हे.

दुसरा आक्षेप असा कीं, न्यायाधीशांवर सोंपविलें तर एक दोन वर्षें देईल, दुसरा बारा. तेव्हां ठरीव शिक्षेंत निदान समानता तरी आहे. अमेरिकेनें हाच विचार करून १९८६ सालीं कोकेनच्या ठरीव शिक्षा घातल्या. पांच ग्रॅम क्रॅकला जी पांच वर्षें, तीं पांचशें ग्रॅम पुडीच्या कोकेनला. परिणामीं गरीब कृष्णवर्णीय तरुणांनीं तुरुंग भरले. २०१० सालीं हें प्रमाण शंभरास एकावरून अठरास एकावर आणावें लागलें. मलेशियानें तर २०२३ सालीं सक्तीची फांशीच काढून टाकली. आंकडा सर्वांना सारखा असला म्हणजे न्याय सारखा होत नाहीं. न्यायाधीशाचा निकाल विषम असेल तर त्यानें कारणें लिहिलीं आहेत. त्यावर अपील आहे. आंकड्यावर अपील कोठें करावयाचें?

करावयाची दुरुस्ती मोठी क्रांतिकारक नाहीं. कलम ३२-ब ला जोडूनच एक कलम असावें: आरोपी केवळ वाहक होता, व्यसनी होता, वयानें लहान होता, दुसऱ्याच्या धाकाखालीं होता, पहिल्यानेंच सांपडला, असें दिसल्यास न्यायाधीशानें लेखी कारणें देऊन किमान शिक्षेच्या खालीं उतरावें, आणि सरकारास त्यावर अपिलाचा हक्क असावा. कैद्याची वर्तणूक पाहून शिक्षेंत सूट देण्यास घातलेली बंदी उठवावी. व्यसनी मनुष्यास उपचारासाठीं सोडण्याची तरतूद कायद्यांत आधींपासून आहे. ती कागदावरून इस्पितळापर्यंत आणावी. यांत अपराध्यावर मेहेरबानी नाहीं. याज्ञवल्क्यानें राजाला सांगितलेलें काम आपण न्यायाधीशाला परत देत आहों, इतकेंच.

विठ्ठलपंतांच्या निवाड्याविषयीं आज आळंदीला जाणाऱ्या एकाहि वारकऱ्याला शंका नसते. तो चुकला, असें सर्वच मानतात. पण तो चुकला हें समाजाला कळलें तें त्यांच्या मुलांनीं काय केलें हें पाहिल्यावर. प्रत्येक कैद्याच्या घरीं ज्ञानदेव जन्मत नाहींत. ज्यांच्या घरीं ते जन्मत नाहींत, त्यांचाहि न्याय माणसाकडे पाहूनच व्हावा, यासाठीं कायद्यानें न्यायाधीशाचे डोळे उघडे ठेवले पाहिजेत.